ऑकमिथी: आगीवरचं ओलं गोणपाट

स्कॉटलंडचा पूर्व किनारा, अँगस परगणा. तांबड्या वालुकाश्माच्या कड्यावर घरांची एक रांग दिसते. हे ऑकमिथी. आर्ब्रोथ शहर इथून जेमतेम पाच किलोमीटरवर.

धक्का आहे तो खाली, कड्याच्या पायथ्याशी. तोही 1890 च्या दशकातला. त्याआधी होड्या गोट्यांच्या किनाऱ्यावरूनच पाण्यात लोटत. पुरुषांनी ओल्या पायांनी त्या थंडीत समुद्रावर जाऊ नये, म्हणून बायका स्वतः पाण्यात शिरायच्या आणि त्यांना पाठुंगळीला घेऊन होडीत बसवायच्या. आलेला मासा साफ करणं, खारवणं, धुरावणं, विकणं हेही बायकांच्याच हातचं.

तो धुरावलेला मासा म्हणजे ‘आर्ब्रोथ स्मोकी’. नाव शहराचं, पण कसब या गावाचं. 19व्या शतकात इथली मच्छीमार कुटुंबं आर्ब्रोथच्या बंदराशी राहायला गेली आणि कसबही तिकडे गेलं.

मासा हॅडॉकच, म्हणजे कॉडच्या कुळातला पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा. डोकं आणि आतडी काढायची, मधला काटा ठेवायचा. सारख्या मापाचे दोन मासे शेपटीशी सुतळीनं बांधायचे. लहानमोठी जोडी केली, तर मोठा शिजेपर्यंत लहान कोरडा पडतो. मग साधारण तासभर मिठात. मीठ पाणी ओढून घेतं, कातडी आवळते. इथे घाई केली तर मऊ मासा शेपटीशी फाटतो आणि सरळ निखाऱ्यात पडतो. मीठ धुऊन जोड्या काठीवर टांगून सुकवायच्या.

आता आग. पारंपरिक पद्धतीत जमिनीत बसवलेलं अर्धं पिंप, तळाशी बीच किंवा ओकचं लाकूड. पाइनसारखं राळेचं लाकूड घातलं की धूर कडवट होतो. वर काठ्या, आणि त्यांच्यावर ओलं गोणपाट.

सगळी मेख या गोणपाटात आहे. सैल पडलं तर हवा आत शिरते, ज्वाळा उठतात, मासा करपतो. फार आवळलं तर आग गुदमरते आणि मासा कच्चा राहतो. वारा फिरला की थर वाढवायचे किंवा काढायचे, गोणपाट सुकलं की पाणी मारायचं. दाट, दमट, गरम धुरात मासा तासाभरात शिजूनच बाहेर येतो: वरून तांबूस, आतून पांढराशुभ्र आणि रसरशीत.

2004 साली युरोपीय संघानं या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आर्ब्रोथपासून 8 किलोमीटरच्या आत बनलेलाच मासा स्मोकी. ऑकमिथी त्या परिघात बसतं, आणि ते बसायलाच हवं होतं.

खायचा तो पिंपातून काढल्या काढल्या. पोटाकडून उघडायचा, कण्यावर अंगठा दाबत न्यायचा. काटा अख्खा सुटून हातात येतो.