गाडी आली, तोंड उघडा

नमस्कार श्रोतेहो.

ज्या घरात दीड ते चार वर्षांचं मूल आहे आणि ब्रश दिसला की ते ओठ गच्च मिटून घेतं, त्या घराशी मला आज बोलायचं आहे. आईबाबांशी तर आहेच, पण आजी-आजोबांशी जास्त. आपल्या इंदुरात, रामबागेत म्हणा, राजेंद्र नगरात म्हणा, नातवंडांची सकाळ-संध्याकाळ बरीचशी त्यांच्याच हाती असते. मी मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, आणि दवाखान्यात मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे आहे: "दुधाचेच दात ना डॉक्टर, पडणारच आहेत. रडवायचं कशाला लेकराला?"

पडणार आहेत, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पोळी चावायची त्यांच्यावरच, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखायची तीही त्यांनीच. शिवाय दुधाच्या दातावरचं कवच पातळ असतं. मोठ्यांच्या दातात कीड आत जायला वेळ लागतो, मुलांच्या दातात ती बघता बघता दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते. मग रात्री दोनला मूल गालाला हात लावून रडत उठतं. तेव्हा जे रडणं असतं, त्यापुढे ब्रशचं रडणं काहीच नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. सकाळी घाईत थोडं कमीजास्त झालं तर चालवून घेऊ, रात्री नाही. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड आपोआप धुतलं जात नाही, आणि दाताला चिकटलेल्या गोडाला रात्रभर मोकळं रान मिळतं. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं तर बंदच करा. दूध आधी, ब्रश नंतर, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. सराफ्यात रात्री अकराला खाऊगल्ली रंगात आलेली असते आणि बाबांच्या खांद्यावर पेंगणाऱ्या पोराच्या तोंडात जलेब्याचा तुकडा कोंबलेला असतो. तुम्ही जरूर जा, मलाही सराफा प्रिय आहे. पण त्या लेकराला घरी आजीजवळ झोपू द्या. त्याला जलेबा नको असतो, अंथरूण हवं असतं.

आता ती गोष्ट. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईला मी ती सांगते, तुम्हालाही सांगते.

रामबागेतल्या एक आजी. नातू अडीच वर्षांचा. ब्रशची वेळ झाली की घरात धरपकड. आई हात धरायची, आत्या डोकं धरायची, बाबा ब्रश घालायचे आणि पोरगा ब्रश कडकडून चावायचा. एकदा ब्रश जरा जास्त आत गेला, त्याला उलटी झाली. तेव्हापासून न्हाणीघराचा दिवा लावला तरी तो रडायला लागे. सून म्हणाली, "आई, आता मी हरले. तुम्हीच बघा."

या नातवाचा जीव होता कचरागाडीवर. इंदूरचं मूल, त्यात नवल नाही. 2017 पासून आपला स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागला आणि त्यानंतर जन्मलेली मुलं गाडीचं गाणं ऐकतच मोठी होताहेत. दोन गल्ल्या पलीकडे गाणं वाजलं की हा पोहे टाकून ओट्यावर. हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका, हे त्याला आकड्यांआधी पाठ. आजोबांनी एकदा केळ्याचं साल निळ्या डब्यात टाकलं, तर पठ्ठ्याने ते स्वतः काढून हिरव्यात टाकलं आणि आजोबांना दम दिला.

आजींनी त्या रात्री ब्रशचं नावच काढलं नाही. खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या, नातवाचं डोकं मांडीवर घेतलं, पदराआड ब्रश. आणि तोंडाने गाडीचा आवाज. घर्रर्र. गाडी थांबली. "ओ भिया, या घरचा कचरा आला नाही अजून. दार उघडा!"

पोरगा हसला. हसला म्हणजे तोंड उघडलं. आजी डोकावल्या. "अगोबाई, इथे तर पोहे अडकलेत. ओला की सुका?"

"ओला!"

ब्रश फिरला. गाडी पुढे. "आणि ही शेव?"

आता हा विचारात पडला. शेव तर सुकी. पण तोंडात राहून ती भिजलेली. श्रोतेहो, अडीच वर्षांचं मूल कपाळाला आठ्या घालून विचार करतंय, आणि तेवढ्या वेळात आजी मागच्या दाढा घासून मोकळ्या. शेवटी निकाल आला, "आधी सुका होता, आता ओला झाला."

खालची गल्ली झाली, वरची गल्ली झाली. मग आजी म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या घरातले लोक दारच उघडत नाहीत बुवा." की लगेच जबडा पूर्ण उघडा. त्या शेवटच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नाही म्हणून मी आयांना तक्रार करताना ऐकते, तिथे ही गाडी थेट दारात उभी!

दुसऱ्या रात्री तोच ओरडत आला, "आजी, कचलागाडी आली!" आणि म्हणाला, गाडी मी चालवणार. आजींनी ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने चार-दोन हात इकडेतिकडे फिरवले, थोडा चावला. मग आजी म्हणाल्या, "आता ड्रायव्हर बदलला," आणि ब्रश आपल्या हातात घेतला. तिसरी पाळी आजींची. आजींनी कवळी काढून वाटीत ठेवली. नातू बघतच राहिला. सगळी गल्लीच बाहेर आली! पुढे रोज रात्री आजीची कवळी घासायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, एका हाताने घट्ट धरून, एकेक दात. (आजी-आजोबा, रात्री कवळी काढायची, घासायची आणि पाण्यात ठेवायची. हे तुमच्यासाठी.)

माझ्याकडे तपासायला आणलं तेव्हा खुर्चीवर आडवा झाला आणि पहिला प्रश्न मला, "तुमची गाडी कुठाय?" मी लाळ ओढून घेणारी नळी दाखवली. ती सूं करून पाणी ओढते हे पाहिल्यावर "ओला कचरा!" म्हणाला आणि तोंड उघडलं. दवाखान्यात न रडता तोंड उघडणारं अडीच वर्षांचं मूल माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

या आजी आणखी एक करत होत्या, तेही मला फार आवडलं. हा सगळा खेळ मराठीत. बाहेर गल्लीत, शाळेत हिंदी आहेच, ती आपोआप येते. मराठी घरात बोलली गेली नाही तर इंदूरच्या मुलांना ती येणार कुठून? खेळताना आलेली भाषा पक्की राहते. आणि हो, ब्रश करताना समोर मोबाईल लावून ठेवू नका. पडद्याकडे बघणारं मूल गप्प बसतं खरं, पण मान वळवून, जबडा अर्धा मिटून बसतं. ब्रश फिरतो पुढच्या चार दातांवर आणि दाढा तशाच.

तुमच्या मुलाला कचरागाडी नसेल आवडत. बस असेल, गाय असेल, राजवाड्यासमोरची कबुतरं असतील. त्याला जे आवडतं ते घ्या. पण पाळीचा क्रम तोच ठेवा. आधी पाळी त्याची, मग पाळी आपली. पुन्हा सांगते, आधी त्याची, मग आपली. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांचाच हवा, कारण लहान मुलांना बारीक हालचाल जमत नाही. डोकं मांडीवर घेतलं की वरच्या दाढाही दिसतात आणि मान स्थिर राहते.

पेस्टबद्दल थोडक्यात. फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात तशी नको. पुदिन्याची पेस्ट मुलांना "तिखट" लागते, सौम्य चवीची आणा. नंतर थुंकू द्या, खळखळून चुळा भरायला लावू नका. ब्रश लहान डोक्याचा, मऊ. केस फाकले की बदलायचा. मशेरी किंवा खरखरीत लाल मंजन मुलांच्या दातांना अजिबात लावू नका.

आणि आज रात्री एक काम करा. मुलाचा वरचा ओठ अलगद उचला आणि हिरडीलगत बघा. दातावर मळकट पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर घरी नीट घासून आणि डॉक्टरांकडून फ्लोराइड लावून ती थांबवता येते. पट्टा तपकिरी झाला, खड्डा पडला, तर मात्र दात भरावा लागतो. आपल्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा, जवळच्या डॉक्टरांना दाखवा, पण दुखायची वाट बघू नका. खरं तर पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच व्हायला हवी.

नमस्कार.