मिळालेलं कोण सोडतो?

श्रोते हो, नमस्कार.

२८ जुलै २०१७ ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये दीड वाजत आला होता आणि अमेरिकेची सिनेट अजून बसलेलीच होती. मतदान चालू होतं. ॲरिझोनाचे ज्येष्ठ रिपब्लिकन सदस्य जॉन मॅकेन पुढे आले. वय ऐंशी. दोनच आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली, पाठोपाठ मेंदूच्या कर्करोगाचं निदान, डाव्या डोळ्याच्या वरची जखम नुकती कुठे भरत आलेली. त्यांनी हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला आणि झटक्यात अंगठा खाली केला. त्यांच्याच पक्षाचे नेते मिच मॅककॉनेल हाताची घडी घालून समोर उभे होते. ४९ विरुद्ध ५१. विधेयक पडलं.

ते विधेयक होतं ओबामाकेअर, म्हणजे अध्यक्ष ओबामांनी आणलेला आरोग्यविम्याचा कायदा, मोडीत काढण्याचं. सात वर्षं रिपब्लिकन पक्षानं ‘हा कायदा रद्द करू’ या एका घोषणेवर निवडणुका लढवल्या होत्या. आता प्रतिनिधीगृह त्यांचं, सिनेट त्यांची, व्हाइट हाऊसमध्ये डोनाल्ड ट्रम्प. सगळं हातात असूनही कायदा रद्द झाला नाही. त्या रात्रीचं श्रेय मॅकेनना द्यावं, त्यांच्यासारखंच विरोधात मत देणाऱ्या सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सिनेटरांना तर त्याहून जास्त द्यावं, कारण त्या आधीपासून ठाम होत्या. पण तीन मतांनी या गोष्टीचा उलगडा होत नाही. त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

अमेरिकेत आरोग्याची एक व्यवस्था नाही, चार-पाच आहेत. पासष्टीच्या वर गेलात की सरकारी मेडिकेअर. गरिबांसाठी मेडिकेड. माजी सैनिकांची रुग्णालयं वेगळी. आणि मधली जी मोठी जनता, साधारण पंधरा कोटींच्या वर, तिचा विमा येतो नोकरीतून. हे कुणी बसून आखलं असेल असं वाटतं ना? तसं नाही. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, महागाई रोखायची म्हणून सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं. कारखान्यांना माणसं हवी होती आणि पगार वाढवता येत नव्हता. मग मालकांनी आमिष दाखवलं ते विम्याचं, कारण विमा पगारात धरला जात नव्हता. १९५४ च्या करकायद्यानं मालकानं भरलेला हप्ता पक्का करमुक्त केला. युद्धकाळात काढलेली पळवाट देशाची मुख्य आरोग्यव्यवस्था होऊन बसली.

याचा अर्थ, नोकरी गेली की विमाही गेला. कोब्रा नावाच्या कायद्यानं जुना विमा साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण मग मालकाचा वाटासुद्धा तुम्हीच भरायचा. २०२५ मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता होता जवळजवळ २७ हजार डॉलर. त्यातले सात हजारांच्या आत-बाहेर कर्मचारी भरतो, बाकीचे कंपनी. म्हणजे ज्या महिन्यात पगार बंद झाला, त्याच महिन्यापासून सव्वादोन हजार डॉलरचा हप्ता अंगावर. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्या पुण्या-नाशिकच्या मुलामुलींना हे चांगलं ठाऊक आहे. नोकरी सुटली की नवी शोधायला साठ दिवस, आणि त्या साठ दिवसांत लेकराला ताप आला तर काय, हा विचार डोक्यात वेगळाच. त्यांच्याकडे सहा महिने राहायला जाणारे आई-वडील बॅगेत बीपीच्या गोळ्यांची सहा महिन्यांची बेगमी घेऊन जातात, त्यामागे हेच आहे. ग्रीन कार्डावर कायमचे गेलेल्या वडीलधाऱ्यांना तर मेडिकेअर पैसे भरून घ्यायची झाली, तरी आधी सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं.

आता राजकारणाकडे येऊ. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्यांसाठी राष्ट्रीय विमा मांडला. आडवे आले ते डॉक्टर. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं जाहिरात करणाऱ्यांची व्यावसायिक कंपनी नेमली आणि ‘ही समाजवादी वैद्यकी आहे’ असा देशभर गवगवा केला. शीतयुद्धाचा काळ, समाजवाद म्हटलं की लोक दचकत. ट्रुमन हरले. १९६१ मध्ये त्याच संघटनेनं एका हॉलिवूड नटाच्या आवाजात ग्रामोफोनची तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तबकडी ऐकवायची आणि खासदारांना पत्रं लिहून घ्यायची, असा बेत होता. तो नट म्हणजे रोनाल्ड रेगन.

तरीही ३० जुलै १९६५ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेडवर सही केली, ती मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी, मिझुरीतल्या इंडिपेंडन्सला जाऊन. मेडिकेअरचं पहिलं कार्ड मिळालं म्हाताऱ्या ट्रुमनना. याच कायद्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून सांगतो. दक्षिणेतल्या रुग्णालयांत तेव्हा गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे, काळ्यांचे वेगळे. सरकारनं सांगितलं, मेडिकेअरचा पैसा हवा तर भेदभाव बंद करा. वर्षानुवर्षं न हललेल्या भिंती काही महिन्यांत पडल्या.

मेडिकेअर आलं आणि म्हाताऱ्या माणसांना ते आपलं वाटायला लागलं. इथून पुढचं सगळं राजकारण या आपलेपणावर चालतं. अमेरिकेत आरोग्याबद्दल जो कुणी नवं काही आणायला निघतो, त्याला हरवायचं असेल तर एकच गोष्ट करायची: लोकांना सांगायचं, तुमच्याकडे आहे ते जाणार. १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांची योजना विमा कंपन्यांनी अशीच पाडली. टीव्हीवर हॅरी आणि लुईझ नावाचं एक मध्यमवर्गीय जोडपं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागद चाळतं आणि काळजी करतं, एवढीच जाहिरात. भाषण नाही, आकडे नाहीत. योजना मतदानापर्यंतसुद्धा पोचली नाही.

२००९ चा उन्हाळा आठवा. ओबामांच्या कायद्यावर गावोगाव सभा चालल्या होत्या. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘म्हाताऱ्यांना जगवायचं की नाही हे सरकारी मंडळं ठरवणार’ अशी हूल उठवली. ती धादांत खोटी होती, पण पसरली. साउथ कॅरोलायनात एका सभेत एका माणसानं आपल्या खासदाराला बजावलं, सरकारनं माझ्या मेडिकेअरला हात लावू नये! मेडिकेअर सरकारचंच आहे हे खासदारानं समजावायचा प्रयत्न केला, तो वाया गेला. या गोष्टीवर लोक अजून हसतात. मला त्या माणसाचं हसू येत नाही. त्याची माहिती चूक होती, पण भीती अगदी खरी होती.

ओबामांनाही ती ओळखता आली होती. म्हणून ते सारखं सांगत राहिले, तुमचा आत्ताचा विमा आवडत असेल तर तोच ठेवा. २०१३ मध्ये लाखो लोकांना विमा रद्द झाल्याची पत्रं आली, कारण जुन्या तकलादू पॉलिसी नव्या नियमांत बसत नव्हत्या. शब्द मोडला होता, आणि तो त्यांना महागात पडला.

कायदा २३ मार्च २०१० ला झाला, एकाही रिपब्लिकन मताशिवाय. गंमत अशी की त्याचा सांगाडा मुळात उजव्यांचाच. प्रत्येकानं विमा घेतलाच पाहिजे ही कल्पना हेरिटेज फाउंडेशन या उजव्या अभ्याससंस्थेनं १९८९ मध्ये मांडलेली, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ मध्ये ती राबवली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी. कायद्यानं मुख्य काम केलं ते हे: आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या पॉलिसीत राहू द्यायचं, मध्यम कमाईवाल्यांना हप्त्यासाठी सबसिडी, आणि गरिबांसाठी मेडिकेड वाढवायचं.

हे शेवटचं २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. चाळीस राज्यांनी मेडिकेड वाढवलं, दहांनी नाही. टेक्सस आणि फ्लोरिडा त्या दहांतले. टेक्ससमधल्या एका विनापत्य, धडधाकट पण गरीब माणसाची स्थिती पाहा. सबसिडी सुरू होते दारिद्र्यरेषेच्या वर, कारण खालचे सगळे मेडिकेडमध्ये जातील असं कायदा करणाऱ्यांनी धरलं होतं. त्याच्या राज्यानं मेडिकेड दिलं नाही. त्यामुळे सबसिडी मिळायला तो फार गरीब, आणि मेडिकेड मिळायला नुसतं गरीब असणं पुरत नाही. त्याच्याहून जास्त कमावणाऱ्या शेजाऱ्याला मदत मिळते, याला काहीच नाही.

तरीही विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१० मधल्या सोळा टक्क्यांवरून २०२३ पर्यंत आठ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे २०१७ पर्यंत हा कायदा कोट्यवधी घरांत शिरलेला होता. त्या वर्षी सभांमध्ये आरडाओरडा झाला तो रिपब्लिकन खासदारांच्या नावानं, आणि ओरडणारे लोक विचारत होते, माझ्या मुलाच्या आजाराचं काय? आठ वर्षांत डाव उलटला होता. मॅकेन यांचा अंगठा खाली गेला तो या वाऱ्यात.

रिपब्लिकनांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सबसिडीच्या मर्यादेच्या जरा वर कमावणाऱ्या छोट्या दुकानदाराचा हप्ता या कायद्यानं वाढवला, हे खरं आहे. निरोगी तरुणानं दंडाच्या धाकानं विमा का घ्यावा, हा प्रश्नही वेडगळ नाही. तो दंड २०१९ पासून शून्यच झाला. आणि मुख्य आक्षेप असा की कायद्यानं विमा वाटला, पण दर तसेच ठेवले. २०२३ मध्ये अमेरिकेनं आरोग्यावर ४ लाख ९० हजार कोटी डॉलर खर्च केले, माणशी साडेचौदा हजार. आठ हजारांचा विमा देणं आणि आठ हजारांचं बिल पाचवर आणणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला दोन्ही पक्षांनी फार कमी हात लावला. मेडिकेअरला औषधांच्या किमतीवर घासाघीस करायची २००३ च्या कायद्यानं चक्क मनाई होती. ती काही औषधांपुरती उठायला २०२२ उजाडलं.

विमा असूनही काय होतं, ते एका हिशेबातून पाहू. समजा हात मोडला. रुग्णालयानं लावले १२ हजार डॉलर. विमा कंपनीचा ठरलेला दर ७ हजार. घरी एक कागद येतो, त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘हे बिल नाही’. खाली बारीक रकाने. तुमच्या पॉलिसीत पहिले ३ हजार तुमचे; उरलेल्या ४ हजारांतले वीस टक्के, म्हणजे ८०० तुमचे. एकूण ३,८००, हप्ता वेगळा. आणि भूल देणारा डॉक्टर कंपनीच्या यादीत नसेल तर त्याचं स्वतंत्र बिल येई. तेवढं मात्र २०२२ पासून बहुतेक ठिकाणी कायद्यानं थांबवलं आहे. कॅशलेस कार्ड दाखवून डिस्चार्ज घेणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हा रकान्यांचा खेळ समजायला वेळ लागतो. अमेरिकन माणसालाही लागतो.

आता अलीकडचं. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, ओबामाकेअरच्या सबसिड्या वाढवल्या गेल्या. घेणारे दुपटीवर जाऊन २०२५ मध्ये २ कोटी ४० लाख झाले. वाढीव सबसिडीची मुदत होती २०२५ अखेर. डेमोक्रॅटांनी ती वाढवून मागितली, रिपब्लिकनांनी नकार दिला, आणि १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज त्रेचाळीस दिवस बंद राहिलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही तोवरची सगळ्यांत लांब टाळेबंदी. शेवटी डेमोक्रॅटांच्या गटातल्या आठ सिनेटरांनी माघार घेतली, मुदत न वाढताच. केएफएफ या अभ्याससंस्थेचा अंदाज होता की सबसिडी घेणाऱ्याला स्वतःच्या खिशातून द्यावा लागणारा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल.

२०१७ आणि २०२५ यांतला फरक इथं आहे. २०१७ मध्ये कायदा रद्द करायचा होता, त्यासाठी सदस्यांना उभं राहून, सगळ्यांदेखत मत द्यावं लागलं. २०२५ मध्ये काही रद्द करावं लागलं नाही, मुदत आपोआप सरली. दिलेलं उघडपणे काढता येत नाही हे रिपब्लिकन पक्ष शिकला, आणि माझ्या मते तो नीट शिकला. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यातही मेडिकेड कुणी बंद केलेलं नाही. त्यात एक अट आहे. मेडिकेड वाढवलेल्या राज्यांत धडधाकट प्रौढांनी महिन्याला ऐंशी तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचा पुरावा द्यायचा. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, तिच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की या एकूण कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोकांचा विमा जाईल.

अशी अट आर्कन्सॉ राज्यानं २०१८ मध्ये लावून पाहिली आहे. तास नोंदवायचे ते सुरुवातीला फक्त वेबसाइटवर. ती वेबसाइट रात्री नऊला बंद व्हायची आणि सकाळी सातला उघडायची. दिवसभर कामावर असलेल्या माणसानं तास भरायचे कधी? काही महिन्यांत अठरा हजारांहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं. त्यांतले बहुतेक एकतर काम करत होते, नाहीतर नियमानुसार सवलतीला पात्र होते. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ती अट थांबवली. नव्या केंद्रीय कायद्यानुसार मात्र १ जानेवारी २०२७ ही राज्यांना ती लागू करायची तारीख आहे, आणि या वेळी ती खुद्द काँग्रेसनं कायद्यात लिहिलेली आहे.

नमस्कार.