टिपूस पडण्याआधी

(काळा पडदा. पेन्सिलीच्या रेघांतला एक नळ. त्याच्या तोंडाशी लोंबणारा थेंब. थेंबाला दोन डोळे.)

हा टिपूस. नळाच्या तोंडाशी लटकलाय आणि त्याला खाली पडायचं नाही. गोष्ट एवढीच. फिल्मची लांबी ९० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं, तरी १,०८० चित्रं होतात. काढणारी मी एकटी.

सहा आठवड्यांपूर्वी पहिली पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्च्या पेन्सिल चित्रांची चाचणी, चालवून पाहिली. टिपूस फुगत होता, ताणला जात होता, डोळे गरगर फिरवत होता. एक फ्रेमसुद्धा मी त्याला स्वस्थ राहू दिलं नव्हतं. हालचाल भरपूर होती, पण पडद्यावर दिसत होतं ते नुसतं पाणी. तिथे कुणी आहे, असं वाटतच नव्हतं.

मग मी जुन्या कार्टूनकडे परत गेले. लहानपणी पाहून पाहून पाठ झालेली, आणि त्याही आधीची. या वेळी एकेक फ्रेम पुढे सरकवत, शेजारी वही ठेवून.

(दृश्य: वहीचं पान. फ्रेमचे आकडे, बारीक रेखाटनं.)

सुरुवात १९१४ पासून. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांची गर्टी, एक भलीमोठी डायनोसॉर. मॅके रंगमंचावर उभे राहायचे, मागच्या पडद्यावर गर्टी असायची, आणि ते तिला हुकूम सोडायचे. वाकून नमस्कार कर. पाय उचल. ती ऐकायची, पण प्रत्येक वेळी नाही. मध्येच तिचं लक्ष दुसरीकडे जायचं. मॅके रागावले की ती रडायची. माझ्या मते गर्टी जिवंत होते ती तिथे, ऐकायचं की नाही हे ती ठरवते तेव्हा. आज्ञाधारक गर्टी आज कुणाच्या लक्षात राहिली नसती.

तेव्हा सेलची, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पानावर फक्त पात्र काढून ते पार्श्वभूमीवर ठेवायची, पद्धत रूढ झालेली नव्हती. म्हणजे गर्टी हलली की तिच्यामागचे डोंगर आणि तळंही प्रत्येक कागदावर नव्याने काढावं लागे. हे काम जॉन फिट्झसिमन्स हा तरुण मदतनीस करायचा. हजारो कागद, आणि प्रत्येकावर तेच डोंगर. दोन चित्रांतली रेघ तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे सगळं दृश्य हलकेच थरथरतं. अर्ल हर्ड यांनी सेलच्या पेटंटसाठी अर्ज केला तोही १९१४ मध्येच. पुढे पार्श्वभूमी एकदाच रंगवून पुरायला लागली आणि ती थरथर गेली. सोय झाली हे खरंच, पण मला ती थरथर फार आवडते.

एक गोष्ट वाचून मात्र मी उठून उभीच राहिले. गर्टीच्या श्वासाचा वेग ठरवण्यासाठी मॅके यांनी स्वतःचा श्वास मोजला होता.

(दृश्य: टेबलावर स्टॉपवॉच. निवेदिकेच्या श्वासाचा आवाज.)

मीही मोजला. एक श्वास आत आणि बाहेर, चार सेकंद. म्हणजे ९६ फ्रेम. टिपूस लहान आहे, त्याचा श्वास निम्म्या वेळात व्हायला हवा. ४८ फ्रेम, २४ चित्रं. ती काढून लूपमध्ये टाकली, म्हणजे तीच पुन्हा पुन्हा चालत राहतील अशी. बाकी काहीही नाही, फक्त पोट किंचित वर, किंचित खाली. आणि पहिल्यांदाच मला त्या थेंबाची काळजी वाटली.

पुढचा धडा १९३४ चा. डिस्नेच्या एका लघुपटात प्लूटो कुत्र्याला माश्या पकडायचा चिकट कागद चिकटतो. नाकाचा सुटतो तो पायाला, पायाचा सुटतो तो आणखी कुठेतरी. हे दृश्य नॉर्म फर्ग्युसन यांनी ॲनिमेट केलं. तपशिलात पाहिलं तर कागदाची गंमत थोडीच आहे. प्लूटो थांबतो, कागदाकडे बघतो, त्याच्या डोक्यात काहीतरी येतं, आणि मग तो ते करून पाहतो. आधी विचार, मग कृती. माझ्या टिपूसला विचार करायला मी वेळच दिला नव्हता.

आणि मग कोल्हा. १९४९ मध्ये चक जोन्स यांनी रोडरनर हा पक्षी आणि त्याच्यामागे धावणारा कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा अमेरिकन प्राणी, पडद्यावर आणला. कड्यावरून पुढे धावत गेलेला कायोटी हवेतच उभा राहतो. खाली जमीन नाही हे त्याला कळत नाही, तोवर तो पडत नाही. त्याला कळतं, तो आपल्याकडे बघतो, मग पडतो. गुरुत्वाकर्षणसुद्धा त्याच्या ध्यानात येईपर्यंत थांबतं! एक फूट उंचीवरून खरा थेंब पडायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सहा फ्रेम. माझ्या ९० सेकंदांत पडणं एवढंसंच. बाकी सगळं कळण्याबद्दल आहे.

(दृश्य: पांढऱ्या हातमोज्यांचं रेखाटन. त्यावर काट.)

जुनं पुन्हा पाहताना मान खाली घालायला लावणारंही समोर येतं. काळ्या माणसांची क्रूर टिंगल कितीतरी कार्टूनमध्ये आहे. वॉर्नर ब्रदर्सची अशी ११ कार्टून १९६८ मध्ये प्रसारणातून काढून घेतली गेली. तो प्रसिद्ध पांढरा हातमोजा काळ्या-पांढऱ्या चित्रात हात उठून दिसावा म्हणून सोयीचा होता. पण गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करण्याच्या खेळांशीही त्याचं नातं आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. माझ्या सुरुवातीच्या एका रेखाटनात टिपूसला हातमोजे होते. सवयीने आले होते. ते मी काढून टाकले, हातसुद्धा ठेवले नाहीत.

हात गेल्यावर सगळा भार डोळ्यांवर आला. इथे मदतीला आली पुढच्या काळातली काटकसर. १९५७ नंतर हॅना आणि बार्बेरा टीव्हीसाठी कमी पैशांत मालिका करू लागले. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, कारण तिथून डोकं धडापासून वेगळं करता येतं. धड तेच ठेवायचं, फक्त डोकं नव्याने काढायचं. टिपूसला गळा नाही. म्हणून त्याचे डोळे मी वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, घेतले. अंग श्वासाच्या लूपवर, नजर मोकळी.

नळ मात्र मी प्रत्येक चित्रात हाताने पुन्हा काढतेय. संगणकावर एकदा काढून भागलं असतं. पण टिपूसच्या भोवतीचं जगही त्याच्यासोबत थरथरायला हवं.

(दृश्य: नवी पेन्सिल टेस्ट. आवाज नाही.)

तो खाली बघतो. मग आपल्याकडे. या नजरेनंतर किती थांबायचं, यावर गेले चार दिवस गेलेत. १२ फ्रेम ठेवल्या तर तो दचकल्यासारखा वाटतो. २४ ठेवल्या तर घाबरल्यासारखा. आता ४० आहेत, आणि चाळिसाव्या फ्रेमला त्याच्या डोळ्यांत काहीतरी सैल होतं. ते मी काढलं नव्हतं, पण दिसतं.

पडण्याच्या सहा फ्रेम अजून कोऱ्या आहेत. त्यांना आज रात्री बसेन.

(टिपूस आपल्याकडे बघतो. एक श्वास आत. एक बाहेर. पडदा काळा.)