एकच पाऊस, एकच पीक

आफ्रिकेतल्या मलावी देशाचा दक्षिण भाग, डिसेंबर महिना. मका गुडघ्याला लागलाय, तणही माजलंय. आणि ज्या बाईचं हे रान, ती मात्र दुसऱ्याच्या शेतात कुदळ चालवतेय. या रोजंदारीला इथे ‘गान्यू’ म्हणतात. कणगी रिकामी झाली की गान्यूशिवाय चूल पेटत नाही, आणि स्वतःच्या रानातल्या भांगलणीचेही नेमके हेच दिवस. आज पोटासाठी मजुरीला जायचं, तर एप्रिलचं पीक आत्ताच घटतं.

इथे पाऊस एकदाच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. बहुतेकांकडे हेक्टरभरही जमीन नाही, आणि पाण्याची दुसरी सोय फारच थोड्यांना. मका गेला की वर्ष गेलं.

मार्च 2023 मध्ये ‘फ्रेडी’ चक्रीवादळ आलं. पार ऑस्ट्रेलियाजवळून निघून पाच आठवडे हिंदी महासागरावर घोंघावत आलेलं. काढणी तोंडावर असताना उभं पीक गेलं, वरची मातीही गेली. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून जास्त माणसं. हे घाव ओले असतानाच पुढच्या हंगामात पावसानं ओढ दिली, आणि 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली.

त्या दुष्काळामागे मुख्यतः एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून पाऊसमान बिघडवणारा नैसर्गिक फेरा. सगळं खापर हवामानबदलावर फोडता येणार नाही. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, वादळं जास्त पाणी ओततात, उघडीप पडली की ओल लवकर उडते. एका तडाख्यातून सावरायला दोन-चार बरी वर्षं लागतात. तीच मिळेनाशी झालीत. इंधन जाळून जग जो कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यात अख्ख्या आफ्रिकेचा वाटा जेमतेम 4 टक्के. हा सरळ अन्याय आहे.

मग इथली माणसं काय करतात? मक्यात तूर लावतात. तिची मुळं खोल जातात. मका काढला तरी ती रानात हिरवी उभी असते. यातली बरीच तूर भारतात येते. 2017 मध्ये महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांवर तुरीच्या रांगा लागल्या होत्या, आठवतंय? त्याच वर्षी भारतानं आयातीवर मर्यादा घातली, आणि इकडे मलावीत भाव कोसळले. पावसातून वाचलेलं पीक बाजारात मारलं गेलं. पुढे 2021 मध्ये भारतानं पाच वर्षं दरसाल 50 हजार टन तूर घेण्याचा करार केला. मक्याच्या ओळींमध्ये तूर आजही पेरली जाते.