अनाशी ढाकाचा सण आणि कडक भाकरी
(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय ‘तोरा आणि आमचे सण’ असा छापलाय. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, मोशेची पाच पुस्तकं. तिच्याकडे मी येणारच आहे. पण सोलापुरात बोलायला उभी राहिले आणि आधी भाकरीचं सांगितलं नाही, असं मला जमायचं नाही.

आम्ही बेने इस्रायल, मराठी यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. माझी आजी पेणची. बाबा रेल्वेत लागले आणि आम्ही इथे रेल्वे लाईन्सला राहायला आलो. दाराच्या चौकटीला मेझुझा होती, म्हणजे तोरातली वचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली छोटी डबी, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. शेजारच्या काकूंची मुलंही पाहून पाहून तसंच करायची, त्यांना कोणी कधी अडवलं नाही.

पेसाख म्हणजे मिसरच्या गुलामीतून आमच्या पूर्वजांची सुटका झाली त्याचा सण. तो बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेला किंवा तिच्या आसपास येतो. आमचेही महिने चंद्राचे, आणि एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना धरायचा. आपल्या अधिक मासाचाच हिशोब. शाळेत हे मला कळलं तेव्हा मी धावत घरी येऊन आजीला सांगितलं होतं. तर पेसाखचे आठ दिवस घरात खमीर चालत नाही. पाव नाही, आंबवलेलं काही नाही. मत्सा खायची, म्हणजे बिनखमिराची भाकर.

ती आम्हाला मुंबईहून पार्सलने यायची. एका वर्षी पार्सल आलं, पण आत नुसता चुरा. आजीने कपाळाला हात लावला, मग पदर खोचला आणि म्हणाली, घरीच करू. पिठात पाणी पडल्यापासून भाकर भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर जाता कामा नये, नाहीतर पीठ आंबायला लागलं असं धरतात. मी घड्याळ घेऊन दारात बसले. “सात झाली... नऊ झाली...” आजी लाटतेय, आई काट्याने टोचे मारतेय, बाहेर सोलापूरचा एप्रिल आणि आत चूल. शेजारच्या काकू उंबऱ्यावर येऊन हे सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पदराखाली काहीतरी झाकून आल्या. कडक भाकरीची चवड! पापडासारख्या पातळ, वर तीळ. “आज्जी, ह्यात सोडा नाही, आंबवलेलं नाही. ज्वारीचं पीठ आन् पाणी, बास. आठ दिवस काय घेऊन बसलाव, दोन महिने टिकतंय हे.”

आजी गप्प झाली. नाही म्हणावं तर त्या बाईने पहाटे उठून तव्यापुढे तासभर काढलेला. हो म्हणावं तर नियम काय सांगतो, हे विचारायला गावात कोणी नाही. तिने भाकरी दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या आणि परत काकूंच्या हातात दिल्या. “या माझ्याच. पण तुझ्या फडताळात ठेव. नवव्या दिवशी जेवायला येते.”

आणि गेली. शेंगाची चटणी, दही आणि ती भाकरी. नऊ दिवसांनीही मोडताना कट्‌कन आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

खूप वर्षांनी मी वाचलं की खमीर धरतं ते पाच धान्यांत: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट. ज्वारी त्यात नाही! आजी तेव्हा नव्हती. पण मला वाटतं, माहीत असतं तरी ती काकूंकडे जेवायला गेलीच असती.

आता माझ्या मनातली सल. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मेळाव्यात बाहेरून आलेल्या एका विद्वानांनी सांगितलं की, तुमची सणांची जुनी मराठी नावं अपभ्रष्ट आहेत, टाकून द्या. कोणती नावं? नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, आमचं नवं वर्ष. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. दार लावून, उपास धरून घरात बसायचं. बिरड्याचा रोजा म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक. त्या दिवशी मटण नाही, वालाचं बिरडं. आणि पेसाखचं नाव अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे आंबट रसाचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं.

हे नाव जरा हातात घेऊन बघा. आमच्या पूर्वजांकडे ग्रंथ उरला नव्हता. मिसर, मोशे, समुद्र दुभंगला, सगळं विसरलं होतं. प्रार्थना एकच उरली होती, शेमा, देव एकच आहे असं सांगणारी. पण चैत्रात आंबट मडकं झाकायचं, हे कोणत्यातरी आजीने सुनेला सांगितलं, तिने तिच्या सुनेला. कारण कोणालाच ठाऊक नाही, तरी मडकं झाकलेलं. याला अपभ्रष्ट म्हणायचं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर तोरा. तिच्यातलं निर्गम नावाचं पुस्तक, अध्याय 13, वचन 8: त्या दिवशी आपल्या मुलाला सांग. तिच्यातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, शेमाच्या लगेच पुढे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी हे बोल. आता मुलाशी बोलायचं ते मुलाला कळेल त्याच भाषेत ना? माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. ग्रंथ आमच्याकडे परत आला तोही मराठीतून. 1832 मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. मिशनरी होते, त्यांचा हेतू वेगळा होता, पण आमचे लोक हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. पेसाखच्या रात्री वाचायची हगादा 1874 मध्ये पुण्यात मराठीसह छापली गेली, आणि तिच्यातल्या चित्रात मत्सा करणाऱ्या बायका साडीत आहेत.

त्या पार्सलच्या वर्षीचंच शेवटचं सांगते. पेसाखच्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं. ते मी होते. बाबांनी हिब्रू वाचलं आणि मी मराठीत विचारलं, “ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?” बाबा पान उलटत होते. तेवढ्यात उंबऱ्यावरून काकू म्हणाल्या, “व्हय ओ, का वेगळी? मला पण सांगा की.”

बाबांनी पुस्तक मिटलं, काकूंना आत बोलावून बसायला पाट दिला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.