इंजिनचं नाव काय?

मंडळी, नमस्कार. मघाशी सरांनी ओळख करून देताना मला इंजिनचा डॉक्टर वगैरे केलं, तसं काही नाही, मी बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतनं कातून गुळगुळीत करायचं काम करतो, 28 वर्षं झाली, आणि माझ्या टेबलावर इंजिन येतं ते मेकॅनिकनं खोलूनच आणलेलं असतं. कुणाचा हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकलाय, कुणाचा बोअर झिजलाय, कुणाचं क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा खालचा दांडा, चिकटलंय. चांगलं चालणारं इंजिन माझ्याकडं येतच नाही. त्यामुळं नवी गाडी घेताना लोक मला फोन करतात, मामा ही घेऊ का ती घेऊ, तेव्हा मी जे सांगतो ते या बिघडलेल्या सामानावरनं सांगतो, तेच आज इथं खानापुरात तुमच्यापुढं मांडणार आहे.

आधी हे पिस्टन पुढच्या रांगेपासनं फिरवा. हातात घ्या, तेल पुसलंय. त्याच्या तोंडावर बघा, चार चंद्रकोरी उमटल्यात, नखानं खोली कळेल. ते डिझाइन नव्हे, व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, येऊन आपटल्याच्या खुणा आहेत. हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीतलं. गोव्याहनं येताना चोर्ला घाट चढत होता, मागं बायका-पोरं, एकदम इंजिन बंद, आवाज नाही धूर नाही, परत स्टार्टर मारला तर नुसतं गर्र फिरतंय हलकं. टायमिंग बेल्ट तुटला होता. हेडमधले व्हॉल्व्ह वाकले, चारी पिस्टनवर ही अशी नक्षी, आणि बिल गेलं 90 हजाराच्या घरात. आता मेव्हणा म्हणतो, गाडी फक्त 52 हजार किलोमीटर चाललेली. बरोबर आहे, पण गाडीच्या पुस्तकात बेल्ट बदलायचं लिहिलेलं असतं ते किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल ते. रबर आहे, गाडी उभी असली तरी त्याचं वय होतंच की. यानं वर्षं बघितलीच नाहीत. आणि मुळात गाडी घेताना, आपल्या इंजिनात बेल्ट आहे का चेन आहे, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच नव्हता, सनरूफ बघितलं, टचस्क्रीन बघितला, रंग घरातल्यांनी ठरवला.

हे तुटल्यावर एवढं का होतं ते सांगतो. इंजिन 3000 आरपीएमला, मिनिटाला 3000 फेऱ्यांनी, फिरतंय म्हणजे क्रँक सेकंदाला 50 फेरे मारतंय, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्या निम्म्यानं, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडून मिटतोय, आणि त्याच जागेत पिस्टन वर येतंय. दोघांची वेळ जुळवून ठेवणारी वस्तू एकच, तो बेल्ट नाहीतर चेन. ती सुटली की दोघं एकाच जागी भेटतात. चेन असेल तर निर्धास्त, असंही नाही हं. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, तेल वेळेवर बदललं नाही, पातळी खाली गेली, की चेन सैल पडते, सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येते. ती खळखळ ऐकून मेकॅनिककडं गेला तर चेन आणि टेन्शनरवर भागतं, नाही गेला तर मग हेड घेऊन माझ्याकडं.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात गाडी कुठली चांगली, कंपनी कुठली चांगली. मी उलट विचारतो, त्या गाडीतल्या इंजिनचं नाव काय? बहुतेकांना माहीत नसतं, शोरूममधल्या पोरालाही नसतं, तो कानडीत म्हणतो एनू प्रॉब्लेम इल्ल री, म्हणजे काही प्रॉब्लेम नाही हो, टॉप सेलिंग मॉडेल आहे. पण टिकतं ते इंजिन टिकतं, बाहेरचा पत्रा नाही.

दोन उदाहरणं देतो. फियाटचं 1.3 मल्टिजेट डिझेल, 1248 सीसी. आपल्याकडं 2007 ला स्विफ्ट डिझेलमधनं घराघरात पोचलं, मग तेच इंजिन डिझायरमध्ये, रिट्झमध्ये, टाटाच्या व्हिस्टात आणि मान्झात, फियाटच्या पुंटो आणि लिनियात. वर बॅज वेगळे, किमती वेगळ्या, आत लोखंड एकच. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगीच नव्हे. त्याचा फायदा काय झाला तर निपाणीपासनं लोंढ्यापर्यंत कुठल्याही मेकॅनिकला ते पाठ झालं, सामान कुठंही मिळायला लागलं. 2020 च्या एप्रिलला बीएस6, म्हणजे धुराचा नवा कडक नियम आला आणि मारुतीनं ते बंद केलं, तरी अजून रस्त्यावर आहेतच.

दुसरं बरोब्बर उलटं. स्विफ्ट म्हटलं की सगळे डोळे झाकून हो म्हणतात, माझ्या भावाची होती, दीड लाख चालली, काही झालं नाही. खरं आहे ते. पण 2024 ला जी नवी स्विफ्ट आली तिच्यात पेट्रोल इंजिनच बदललं, आधी 1.2 चार सिलिंडर होतं, आता 1.2 तीन सिलिंडर आहे, झेड सिरीजचं. नवं वाईट आहे असं मी म्हणत नाही, मायलेज चांगलंच देतं. पण भावाच्या दीड लाख किलोमीटरचा अनुभव त्या इंजिनला लागू होत नाही, ते वेगळं यंत्र आहे, त्याचा अनुभव नव्यानं जमवायला लागणार. नाव तेच राहतं आणि आतलं बदलतं, इथं लोक फसतात.

तीन सिलिंडरबद्दल विचारतात म्हणून सांगतो. चार सिलिंडरमध्ये क्रँक 180 अंश फिरलं की एक जाळ होतो, तीनमध्ये 240 अंशांनी होतो, म्हणून आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थोडी थरथर जास्त. इंजिन दोन्ही टोकांना किंचित झुलतं, ते सांभाळायला कुणी तोल साधणारा जादा दांडा, बॅलन्स शाफ्ट घालतं, कुणी नुसत्या माउंटिंगवर, म्हणजे इंजिन बसवतात त्या रबरी आधारावर भागवतं. तीन सिलिंडर म्हणजे कमी आयुष्य, असं मात्र अजिबात नाही, जुनी मारुती 800 तीनच सिलिंडरची होती, 796 सीसी, तिनं काय कमी सेवा केली का आपली? माउंटिंगवर लक्ष ठेवा एवढंच.

मग नवं इंजिन घ्यायचंच नाही का? घ्या, पण पहिल्या लॉटमधली नका घेऊ. वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या. कंपनी कितीही चाचण्या करू दे, कणकुंबीचा पाऊस, जांबोटीचा रस्ता आणि संकेश्वरला उसाच्या ट्रॉलीमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास, हे सगळं एकत्र गिऱ्हाइकाच्या हातातच घडतं. त्या वर्षभरात बेळगाव स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना विचारा. ते महिन्याला चार-पाच हजार किलोमीटर सहज मारतात, त्यांना नीट विचारलं, किती चालली, हेड उघडलं का, क्लच कधी बदलला, तर खरं ते सांगतात, त्यांना तुमच्याकडनं कमिशन नको असतं.

आता डिझेल. इथं मी जरा जास्त वेळ घेणार, कारण गेल्या चार-पाच वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान मी इथं बघितलंय, आणि ते बघून जीव तुटतो, लोकांनी कर्ज काढून घेतलेल्या गाड्या असतात. बीएस6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी धरून ठेवते. भरली की ती काजळी जाळून टाकायला लागते, त्याला एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. गाडी हायवेला धारवाडपर्यंत एका दमात गेली तर हे आपोआप होतं, तुम्हाला कळतही नाही. पण तुमची गाडी शाळा, बाजार, शेत, चार किलोमीटर गेली, थांबली, परत चार किलोमीटर, अशी असेल तर जळणं सुरू होतं आणि अर्ध्यावर तुम्ही चावी काढता. जाळी तापवायला सोडलेलं जादा डिझेल मग सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली तेलात उतरतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी मला आनंदानं सांगितलं, माझी गाडी तेल खातच नाही, उलट डिपस्टिकवर लेव्हल वर आलीय. मी डिपस्टिक काढून वास घेतला, डिझेल. बोटात धरलं तर पाण्यासारखं पातळ. त्या तेलावर क्रँकची बेअरिंग चालत होती! काका नशीबवान, वेळेत कळलं. काही लोक बेअरिंग गेल्यावरच येतात.

म्हणून दिवसाला पाच-दहा किलोमीटरचं काम असेल तर डिझेल नका घेऊ, टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कितीही गोड लागू दे. उलट जो माणूस रोज निपाणी-बेळगाव करतो, नाहीतर भाजी भरून गोव्याला जातो, त्याला डिझेलसारखं दुसरं नाही. आणि डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायचं पातळ द्रावण, लागणारी गाडी असेल तर त्याच्या टाकीत फक्त कॅनचंच घाला. त्यात युरिया असतो, साडेबत्तीस टक्के, हे ऐकून आमच्या भागातला एक पोरगा पोत्यातला युरिया पाण्यात कालवून ओतायच्या तयारीत होता. शेतीचा युरिया निमकोटेड असतो, कचरा असतो त्यात, ती सिस्टीम चोक होणार म्हणजे होणार, आणि त्या सिस्टीमची किंमत पोत्यांत मोजली तर खळं भरेल.

पेट्रोलमध्ये दोन गोष्टी बघा. एक टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर जादा हवा इंजिनात कोंबणारा पंखा, आहे का साधं. घाटासाठी टर्बोचा आकडा बघून लोक भुलतात, आणि खरंच फरक आहे, साधं 1.2 पेट्रोल साधारण 113 न्यूटन मीटर टॉर्क देतं तेही 4400 आरपीएमच्या आसपास, आणि 1 लिटरचं एखादं टर्बो 170 च्या पुढं देतं तेही दीड-पावणेदोन हजारालाच. बेळगाव समुद्रापासनं अडीच हजार फूट वर आहे, म्हणजे गोव्याहनं भरल्या गाडीनं यायचं तर तेवढं चढायचं, तिथं टर्बो आरामात नेतं. पण टर्बोची तब्येत तेलावर. कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच तेल, वेळेवर, आणि घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलात तर लगेच चावी काढायची नाही, मिनिटभर आयडलला ठेवायची, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल फिरू द्यायचं. हे तुमच्याच्यानं होणार असेल तर घ्या. गाडी तीन जण चालवणार, तेल दुकानात मिळेल ते पडणार, असं घर असेल तर साधं इंजिन घ्या, घाटात एक गिअर खाली टाकायचा, काय बिघडतं?

दुसरं, इंजेक्शन कुठं होतं. पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत येते त्या वाटेत, पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतला जातो, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह कोरडा राहतो आणि त्याच्यावर कार्बनची साय चढत जाते. मी असे व्हॉल्व्ह बघितलेत, देठाला काळी बाजरी चिकटल्यासारखे. ताकद आणि मायलेज चांगलं मिळतं हे खरं, फक्त काही वर्षांनी साफसफाईचा खर्च धरून चाला.

आणि ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, शेतकऱ्याला त्यातनं पैसा येतो हे चांगलंच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं उतरतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. एप्रिल 2023 पासनं नव्या गाड्या ई20 ला चालतील अशा सामानाच्या येतात, नवी घेताना फ्युएल टाकीच्या झाकणावर ई20 लिहिलंय का बघून घ्या. कोण जुनी सेकंडहँड घेणार असेल त्यानं रबरी पाइप आणि सील तपासून घ्यावेत, आणि खानापूरच्या पावसात दोन महिने गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेत दमट हवा राहते.

शोरूममध्ये गेल्यावर बॉनेट उघडायला लावा. लाजू नका, लाखांची वस्तू आहे. ऑइल फिल्टरपर्यंत हात जातो का बघा, बेल्ट असेल तर विचारा बदलायला काय काय उतरवायला लागतं, काही गाड्यांत इंजिनचं माउंटिंगच सोडायला लागतं आणि मजुरी सामानापेक्षा जास्त होते. सेल्सवाल्यापेक्षा मागं वर्कशॉपमध्ये जाऊन सर्व्हिस अॅडव्हायझरला विचारा, कुठल्या पार्टची वाट बघत गाड्या उभ्या आहेत. टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेला देतील, तुम्ही म्हणा चढ पाहिजे, घरातली पाच माणसं बसवून, एसी लावून. आणि गाडी गार असताना पहिल्यांदा चालू झाली पाहिजे, तुमच्यासमोर. बॉनेटवर तळहात ठेवायचा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं.

(श्रोत्यांमधून एका शिक्षकांनी विचारलं की रोज खानापूर-बेळगाव जाणं-येणं आहे, वर्षातनं तीन-चारदा गोवा, घरात चौघं, बजेट 9 लाख, तर काय घ्यावं.)

सर, खानापूर-बेळगाव 26 किलोमीटर, म्हणजे रोजचे 50-52. एका दमात इंजिन गरम होतं, चांगला वापर आहे. तरी डिझेल मी सांगणार नाही, या बजेटात नव्या डिझेल गाड्या फार उरल्याच नाहीत आणि जी मिळेल तिचा जादा पैसा निघायला वर्षं जातील. तुम्ही साधं पेट्रोल घ्या, टर्बो नको, पोर्ट इंजेक्शन, बाजारात निदान दोन-तीन वर्षं झालेलं इंजिन, आणि चेनवालं. वर्षातनं चार वेळा घाटात गिअर खाली टाकायला लागेल, बाकी दिवस ते निमूट चालेल. दोन-तीन गाड्या बसतात यात, नावं मी स्टेजवरनं घेत नाही, खाली आल्यावर तुमच्याबरोबर बसतो. आणि रविवारी बघायला जाणार असाल तर मलाही फोन करा, मी येतो. शोरूमवाल्याला तेवढं आदल्या दिवशी सांगून ठेवा, आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका म्हणून.