नदीच्या पोटाखालून

(दृश्य: पिट्सबर्ग. ॲलेगेनी नदी आणि तिच्यावरचे पिवळे पूल.)

अमेरिकेतलं पिट्सबर्ग म्हणजे पुलांचं शहर. तरीही इथल्या 'टी' या लाइट रेलला, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेला, नदीपलीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा पूल नाही, भुयार खणलं. डाऊनटाऊनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, ही गाडी आधीपासूनच जमिनीखाली धावत होती. तिला वर काढण्यापेक्षा आणखी खाली नेली.

पाण्याखालचं भुयार म्हटलं की डोळ्यांपुढे मासे येतात. मासे विसरा. भुयार पाण्यात नसतंच, ते असतं नदीच्या तळाखालच्या जमिनीत, आणि खरी भीती त्या जमिनीचीच. इथे वर वाळू-गोटे, त्याखाली खडक. खडक सावकाश फुटतो. पाण्याने भिजलेल्या वाळूला मात्र फट दिसायचा अवकाश, ती भसाभसा आत येते.

(दृश्य: यंत्राचं फिरतं चाक, जवळून.)

म्हणून भुयार खणणाऱ्या यंत्राच्या चाकामागच्या बंद कप्प्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ गारा दाबाने भरतात. बाहेरून जेवढा रेटा, तेवढाच किंवा जरासा जास्त आतून. कमी पडला तर समोरची माती ढासळते. फार झाला तर गारा तळ फोडून नदीत उसळतो. यंत्र चालवणाऱ्याला नदी कधी दिसतच नाही, दिसतात ते दाबाचे आकडे. खणलेली मातीही याच गाऱ्याबरोबर नळातून बाहेर जाते.

मागे काँक्रीटचे वक्र तुकडे, म्हणजे सेगमेंट, जोडून कडं उभं राहतं. सांध्यांत रबरी पट्ट्या, कड्याबाहेरच्या पोकळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण. या नव्या कड्याला रेटा देऊनच यंत्र पुढे सरकतं.

आणि एक गंमत. एवढं काँक्रीट ओतूनही भुयार हलकंच असतं. साडेसहा मीटर व्यासाचं भुयार दर मीटरला सुमारे 33 टन पाण्याची जागा घेतं, कड्याचं वजन मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते बुडण्याची नाही, वर तरंगून येण्याची काळजी! म्हणून डोक्यावर पुरेशी माती ठेवावी लागते, म्हणजे आणखी खोल जावं लागतं.

खोल गेलं की वर यायला लांब चढ लागतो. मालगाडीला शंभर मीटरला एक-दोन मीटरचा चढही जड जातो. लाइट रेल सहा-सात मीटरही चढते. त्यामुळे नदी संपताच थोड्या अंतरात ती वर येऊ शकते.

(दृश्य: उत्तर किनारा.)

यंत्र या किनाऱ्यावरून निघालं. जुलै 2008 मध्ये ते डाऊनटाऊनला पोहोचलं, तिथे तोंड फिरवून दुसरं भुयार खणत 2009 मध्ये परतलं. सुमारे दोन किलोमीटरच्या या मार्गाला 52 कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. इतक्या थोड्या अंतरासाठी इतका पैसा कशाला, यावर शहरात बरीच वादावादी झाली.

25 मार्च 2012 ला प्रवासी आले. गाडी नदीखालून जाते, खिडकीबाहेर फक्त भिंत. पलीकडे नॉर्थ साइड स्टेशनही जमिनीखालीच. ते सुटलं की चढ लागतो, डब्यात उजेड येतो, आणि पुढचं ॲलेगेनी स्टेशन थेट खांबांवर.